ससाणेनगरातला ससाणा

कॅनॉलकाठ
रविवार, सकाळी ९:४०

मंडळी, नमस्कार. आम्ही हडपसरला ससाणेनगरात राहतो. लेक चौथीत आहे. शाळेनं प्रकल्प दिलाय, 'माझ्या परिसराचं नाव'. काल जेवताना तिनं विचारलं, "बाबा, इथे पूर्वी ससाणे राहायचे का?" मी म्हटलं, राहायचे म्हणजे काय, अजून राहतात, ससाणे हे इथलं जुनं घराणं. शेजारचं मगरपट्टा जसं मगर मंडळींच्या जमिनींवरून, पलीकडचं काळेपडळ जसं काळ्यांवरून, तसंच हे. तिचा चेहरा पडला. तिला पक्षी हवा होता.

रात्री ती झोपल्यावर मी शब्दकोश काढला आणि तासभर त्यातच गेला. ससाणा हा शब्द संस्कृत 'शशादन'वरून आलेला. शश म्हणजे ससा आणि अदन म्हणजे खाणं. सशाला खाणारा तो शशादन. अमरकोशात श्येन पक्ष्याच्या नावांत हे नाव आहेच. म्हणजे आमच्या बसच्या पाटीवर, वीजबिलावर, दूधवाल्याच्या वहीत रोज जो शब्द लिहिला जातो त्यात एक शिकारी आणि त्याची शिकार असे दोघंही बसलेत! पंधरा वर्षं इथे राहून मला त्यात 'ससा' कधी ऐकू आला नव्हता.

आता प्रकल्प तिचा आणि वेड माझं, अशी स्थिती आहे. शिकारी पक्ष्यांची नावं आडनावांत, गावांत आणि गाड्यांवर कुठे कुठे जाऊन बसली आहेत? तुम्हाला ठाऊक असलेलं सांगा. फक्त एक विनंती. लेक चौथीत असली तरी तिच्या वहीत चुकीचं काही जाऊ नये, म्हणून खात्रीचंच लिहा.

---

पर्वतीपायथा
रविवार, सकाळी १०:१५

छान धागा. गरुड, घारे, पिंगळे, गिधाडे ही आडनावं लगेच आठवली. शिवाजी महाराजांचे पेशवे मोरोपंत पिंगळे. पिंगळा म्हणजे छोटं घुबड, तोही शिकारीच.

---

शब्दवेल्हाळ
रविवार, सकाळी ११:०२

पर्वतीपायथा, यादी बरोबर आहे, पण प्रत्येकाच्या मागे पक्षी आहे असं धरून चालू नका. आपल्या व्याकरणात याची एक सोपी पारख आहे. आडनाव हे बहुतेक वेळा आदरार्थी अनेकवचन असतं. शेवटी 'आ' असलेला पुल्लिंगी शब्द अनेकवचनात 'ए' होतो. कोल्हा-कोल्हे, लांडगा-लांडगे, कावळा-कावळे, ससाणा-ससाणे, पिंगळा-पिंगळे. गरुड, वाघ, मगर यांच्या शेवटी 'आ' नाही, म्हणून ते आहेत तसेच राहिले. एक गरुड आला, चार गरुड आले.

आता घारे बघा. घार स्त्रीलिंगी, तिचं अनेकवचन घारी. मग 'घारे' कशाचं? 'घारा'चं! घाऱ्या डोळ्यांचा तो घारा. म्हणजे घारे आडनावात नियमाप्रमाणे डोळ्यांचा रंग बसतो, पक्षी नाही. पिंगळ्याचंही तसंच. पिंगळा म्हणजे घुबड, पिंगळा म्हणजे पिंगट रंगाचा आणि पिंगळा म्हणजे पहाटे कंदील घेऊन दारोदार भविष्य सांगत फिरणाराही. एका आडनावाला तीन दारं.

साळुंखे हे नाव ऐकून साळुंकी डोळ्यांसमोर येते, पण त्याचं मूळ चालुक्य असं मानतात. गंमत अशी की साळुंख्यांच्या देवकात साळुंकीचं पंख असतं. नाव एका वाटेनं आलं आणि पक्षी दुसऱ्या वाटेनं येऊन त्याला भेटला.

ससाणे मात्र या कसोटीत चोख उतरतं.

---

लोणीची_माहेरवाशीण
रविवार, दुपारी १२:३०

माझं माहेरचं आडनाव ससाणे. शब्दवेल्हाळ, तुमचा प्रतिसाद मी आईला फोनवर वाचून दाखवला. ती दोन मिनिटं काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "पुन्हा वाच."

आमच्या आडनावाची दुखरी बाजू सांगते. सासणे हे वेगळं आडनाव आहे आणि लोकांच्या ते जास्त ओळखीचं. उदगीरच्या २०२२ च्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष भारत सासणे, त्यांचं ते. आमचं 'स'ला काना नसलेलं आणि दुसऱ्या 'सा'ला काना असलेलं. दहावीच्या प्रमाणपत्रावर माझं सासणे झालं. वडिलांनी दुरुस्तीचा अर्ज दिला. तो दुरुस्त होऊन आला तर ससाने! बाणाचा 'ण' गेला. लग्नात, बँकेत, पासपोर्टला, प्रत्येक ठिकाणी प्रतिज्ञापत्र करून मी हे सिद्ध करत आले की या तिन्ही बाया मीच. वडील गेले तेव्हा त्यांच्या दाखल्यावरही चुकलं. मी त्या खिडकीवर उभी राहून म्हटलं, दादा, ससा लिहा आणि पुढे 'णे' लावा. तेव्हा सहज तोंडून गेलं होतं. आज कळतंय की मी व्युत्पत्ती सांगत होते.

कॅनॉलकाठ, लेकीला सांगा, तिच्या वहीत काना आणि 'ण' नीट काढ म्हणावं.

---

कॅनॉलकाठ
रविवार, दुपारी १२:४८

ताई, आत्ताच दाखवलं तिला. तिनं शीर्षक खोडून पुन्हा लिहिलं, 'ण'चा दांडा ठळक करून.

---

माळरानी
रविवार, दुपारी ३:२०

पक्षीनिरीक्षणात वीस वर्षं घालवली, त्यामुळे इथे बोलल्याशिवाय राहवत नाही.

ससाणा हा एक पक्षी नाही, कुळ आहे. आपल्या भागात बहिरी ससाणा, शाहीन, लग्गड, तुरमती, खरुची असे सगे दिसतात. घार, शिक्रा, गरुड, तिसा, भोवत्या ही वेगळी मंडळी. ससाण्याचे पंख लांब आणि टोकाला निमुळते. घारीचे पंख रुंद आणि शेपटी खाचेची. हडपसरच्या आकाशात दिवसभर गोल फिरताना दिसते ती घार. लेकीनं तिलाच ससाणा समजू नये म्हणून लिहिलं.

'बहिरी' या शब्दाबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण शिबिरांत मला दर वेळी हा प्रश्न येतो. हा पक्षी बहिरा नाही. फारसी-अरबीत 'बहर' म्हणजे समुद्र, 'बहरी' म्हणजे समुद्राकडचा. बाज पाळणाऱ्यांच्या बोलीतून तो शब्द आपल्याकडे आला आणि मराठी कानाला तो ओळखीचा वाटला, म्हणून बहिरी झाला. हिवाळ्यात फार दूरच्या उत्तरेकडून येणारा हा पाहुणा. शाहीन त्याचाच भाऊबंद, पण इथलाच, सह्याद्रीच्या कड्यांवर घरटं करणारा, पोटाकडे तांबूस.

आणि ट्रेकवाल्यांसाठी. ढाकच्या बहिरीचा या पक्ष्याशी काही संबंध नाही. तो बहिरी म्हणजे भैरव. कड्यातल्या त्या गुहेकडे दोर धरून चढताना वर शाहीन घिरट्या घालत असला की दोन्ही बहिरी एकदम भेटल्यासारखं वाटतं, पण शब्द वेगळे ते वेगळेच.

---

दुसरी_पाळी_पिंपरी
रविवार, संध्याकाळी ५:०५

गाड्यांचं मी सांगतो. आम्ही पिंपरी-चिंचवडकर. टाटांची हॅरियर जानेवारी २०१९ मध्ये बाजारात आली, इथेच पिंपरीत बनते. माझ्या हातून तिच्या एका सुट्या भागाचे हजारो नग तपासून गेलेत. हॅरियर म्हणजे काय हे मला चार वर्षं माहीत नव्हतं. इंग्रजीत सशांच्या शिकारीच्या कुत्र्यालाही हॅरियर म्हणतात. पण जपानमध्ये टोयोटानं १९९७ मध्ये हेच नाव गाडीला दिलं तेव्हा चिन्हात पक्षीच काढला होता. ब्रिटिशांचं जागेवरून उभं उडणारं हॅरियर विमानही पक्ष्यावरूनच.

मग एका सहकाऱ्यानं गेल्या डिसेंबरात सासवडच्या पुढच्या माळावर नेलं. पहाटेचा गारठा, गुडघाभर वाळलेलं गवत. तो म्हणाला, अलीकडे बघ. मी वर बघत होतो. तो म्हणाला, वर नाही, गवताच्या शेंड्यावर! राखाडी रंगाचा पक्षी, पंखांची टोकं काळी, जमिनीपासून पुरुषभर उंचीवरून येत होता. पंख थोडे वर उचललेले, इंग्रजी व्हीसारखे. दोन-तीन वेळा हलवायचा, मग नुसता तरंगायचा. डावीकडे कलला, उजवीकडे कलला, गवताला जवळजवळ घासत गेला. चेहरा घुबडासारखा गोल. मित्र म्हणाला, त्या गोल चेहऱ्यामुळे याला गवतातली खुसफूस ऐकू येते. एकदम जागच्या जागी वळला, पाय खाली सोडले आणि गवतात गडप झाला. अर्ध्या मिनिटानं वर आला तेव्हा पायात काहीतरी होतं.

मराठीत याला भोवत्या म्हणतात. मी तिथेच उभ्या उभ्या दोनदा म्हणून पाहिलं, भोवत्या. दुसऱ्या दिवशी लाइनवर गाडीच्या मागे नाव चिकटलेलं पाहिलं आणि मला ते गवत दिसलं.

---

माळरानी
रविवार, संध्याकाळी ५:३१

तुम्ही बघितलात तो पांढुरक्या भोवत्याचा नर असणार. मध्य आशियातून येतात, मार्चपर्यंत परत जातात. रात्री झाडावर नाही, गवतातच जमिनीवर झोपतात. एकेका माळावर कितीतरी जण एकत्र. म्हणून ते गवत नांगरलं, पेटवलं किंवा तिथे प्लॉट पडले की त्यांचं झोपायचं घरच जातं. माळ म्हणजे पडीक जमीन असं सातबाऱ्यावर लिहिलेलं वाचलं की माझ्या पोटात खड्डा पडतो.

---

सेकंडहँड_बुलेट
रविवार, संध्याकाळी ६:१२

हायाबुसा कुणीच कशी काढली नाही अजून?! सुझुकी, १९९९, १२९९ सीसी, ताशी ३०० किलोमीटरच्या वरची बाईक. जपानी भाषेत हायाबुसा म्हणजे बहिरी ससाणा, बगलेवर ती मोठी चित्रलिपी आहे ना, ती त्याचीच. नाव उगाच नाही. होंडाची तेव्हाची सर्वांत वेगवान बाईक ब्लॅकबर्ड होती आणि हा पक्षी ब्लॅकबर्डला खातो. खरा बहिरीही सूर मारताना ताशी ३०० च्या पुढे जातो, तोही इंजिनाशिवाय.

जागेचं पण ऐका. जपानच्या तोत्तोरी प्रांतात एका छोट्या रेल्वेमार्गावर हायाबुसा नावाचं स्टेशन आहे. छोटंसं, लाकडी. नाव एक म्हणून २००८ पासून देशभरातले हायाबुसावाले तिथे बाईक घेऊन जातात, दर उन्हाळ्यात उत्सव होतो. आपण जेजुरीला जातो तसं. मला आयुष्यात एकदा तिथे जायचंय.

तिथल्या बुलेट ट्रेनलाही हे नाव आहे, २०११ पासून. लघुग्रहावरची धूळ २०१० मध्ये पृथ्वीवर आणणारं यानसुद्धा हायाबुसा. झेप घेतली, चिमूट उचलली आणि परत. नाव ठेवणाऱ्यानं पक्षी नीट पाहिलेला असणार.

---

जुना_नाविक
रविवार, रात्री ८:४५

माझी नोकरी नौदलात झाली, आता कोथरूडला असतो. या विषयावर नौदलाइतकं प्रेम कुणी केलं नसेल, म्हणून सविस्तर लिहितो.

नौदलाच्या विमानतळांना पक्ष्यांची नावं देतात, बहुतेक शिकारी पक्ष्यांची. कोचीचा गरुड, १९५३ पासूनचा. पोर्ट ब्लेअरला उत्क्रोश. हा संस्कृत शब्द, अमरकोशात उत्क्रोश आणि कुरर एकच सांगितलेत, पाण्यावर मासे धरणारा. विशाखापट्टणमला देगा, तेलुगूत ससाणा. अरक्कोणमला राजाली, तमिळ शब्द, १९९२. रामेश्वरमजवळ उच्चिपुळीला परुंदू, म्हणजे तमिळमधली घार. ग्रेट निकोबारच्या टोकाशी, कॅम्पबेल बेला २०१२ पासून बाज. आणि आपल्या मुंबईत कुलाब्याला हेलिकॉप्टरांचा तळ, त्याचं नाव शिक्रा.

बघा, बऱ्याच ठिकाणी त्या त्या मातीतला शब्द. तमिळनाडूत तमिळ, आंध्रात तेलुगू. कुलाब्याचा तळ २००९ पर्यंत कुंजाली-२ या नावानं होता, मग शिक्रा झाला. शिक्रा तुमच्या सोसायटीच्या गुलमोहरावर बसणारा, कबुतराएवढा पक्षी. छोट्या जागेतून झटकन उठतो, वळतो, झाडांमधून निघून जातो. हेलिकॉप्टरला याहून चांगलं नाव मला तरी सुचत नाही.

मी बाजवर बदली झाल्याचं घरी कळवलं तेव्हा आजी फार काळजीत पडली होती. तिच्या लेखी बाज म्हणजे बाळंतिणीची खाट. तिला मी पक्षी समजावून सांगितला. त्यानंतर माझ्या प्रत्येक सुट्टीत तिनं विचारलं, "तुझा तो पक्षी कसा आहे रे?" ती गेली तेव्हा मी निकोबारातच होतो.

---

लोणीची_माहेरवाशीण
रविवार, रात्री ९:०३

काका, नमस्कार करते.

---

चाकण_टू_बुर्सा
रविवार, रात्री १०:२०

कामानिमित्त तुर्कस्तानात बुर्सा शहरात सात महिने होतो. गाड्यांचं शहर, आपल्या चाकणसारखं. आडनाव, गाडी आणि जागा तिन्ही एकाच वेळी हवं असेल तर तिथे जा.

तिथल्या तोफाश कंपनीनं फियाट १३१ वर बेतलेल्या तीन गाड्या काढल्या. शाहिन, दोआन आणि कार्तल. शाहिन हा आपल्याच शाहीनचा शब्द, फारसीतून दोन्हीकडे गेलेला. दोआन म्हणजेही ससाणा. कार्तल म्हणजे गरुड, ती स्टेशन वॅगन होती. लोक या गाड्यांना मिळून 'पक्षी' म्हणतात. २००२ पर्यंत बनल्या, पण रस्त्यावर अजून दिसतात. आपल्याकडे जुनी पद्मिनी दिसल्यावर माणसं जशी थांबून बघतात, तसं तिथली पोरं शाहिनकडे बघतात.

आणि माझ्या टीममध्ये एक शाहिन होता, दोन दोआन होते. १९३४ मध्ये तिथे कायदा झाला, प्रत्येकानं आडनाव घेतलंच पाहिजे. तोवर बहुतेकांना आपल्यासारखं पिढीजात आडनावच नव्हतं. मग बऱ्याच घरांनी पक्षी निवडला. दोआनचा दुसरा अर्थ 'जन्मणारा' असाही आहे, म्हणजे शब्दवेल्हाळ म्हणतात तशी तिथेही एका नावाला दोन दारं. आणि कार्तल हा इस्तंबूलचा एक आख्खा भाग आहे, समुद्राकाठी. म्हणजे कार्तल आडनावाचा माणूस कार्तल गाडीतून कार्तलला जाऊ शकतो.

---

पर्वतीपायथा
सोमवार, सकाळी ७:५०

रशियाचं माझ्याकडून. तिकडे ससाण्याला सोकोल म्हणतात, सोकोलोव हे अगदी सर्रास आढळणारं आडनाव. मॉस्कोत सोकोल नावाची वस्ती आणि १९३८ पासूनचं मेट्रो स्टेशन. सोयुझ यानातून जाणारे अंतराळवीर जो पोशाख घालतात त्याचं नावही सोकोल. आपल्या खडकवासल्याच्या एनडीएत घडलेले राकेश शर्मा १९८४ मध्ये वर गेले ते सोकोल घालूनच.

आपल्याकडे शिक्रापूर राहिलं की. नगर रस्त्यावरचं. शिक्रा + पूर. टाका यादीत.

---

शब्दवेल्हाळ
सोमवार, सकाळी ८:३५

सोकोल उत्तम. शिक्रापूर मात्र यादीत टाकू नका. कानाला शब्द जुळला म्हणून मूळ जुळत नाही. ढाकचा बहिरी आणि ससाणा बहिरी यांचं कालच पाहिलंत ना? गावाच्या नावासाठी जुने कागद लागतात, जुन्या सनदांत, वहिवाटीत ते नाव कसं लिहिलंय ते पाहावं लागतं. ससाण्याच्या बाबतीत आपल्याकडे शशादन आहे, मधली पायरी दिसते, अर्थ लागतो. तसा आधार असेल तेव्हाच पोरीच्या वहीत लिहावं. कॅनॉलकाठ यांनी पहिल्याच प्रतिसादात खात्रीचं मागितलंय.

---

पर्वतीपायथा
सोमवार, सकाळी ८:४१

मान्य. खोडलं.

---

कॅनॉलकाठ
शनिवार, सकाळी १०:१०

आठवडाभर उत्तर दिलं नाही, क्षमा करा. सांगण्यासारखं आज सकाळी घडलं.

माळरानीसाहेबांनी निमुळत्या पंखांचं लिहिल्यापासून लेक रोज सकाळी गच्चीत जाऊन आकाश बघायची. घार, घार, पुन्हा घार. आज साडेसातला धावत खाली आली. "बाबा, शेपटीला खाच नाहीये!" शेजारच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीवर, कठड्याच्या कोपऱ्यात बसला होता. पाठ निळसर राखाडी, छाती पांढुरकी आणि खाली बारीक आडव्या रेघा, पाय पिवळेधम्मक. डोळ्याखाली मिशीसारखा काळा पट्टा, अगदी काजळ ओघळल्यासारखा. पायाखाली पारवा. तो मान खाली घालायचा, चोचीत पिसं धरायचा, झटका द्यायचा आणि पिसं सोडून द्यायचा. खाण्याची घाई नाही. आधी सगळी पिसं. ती वाऱ्यावर तरंगत आमच्या गच्चीत वाळत घातलेल्या चादरींवर येऊन बसत होती. वीस मिनिटं आम्ही कपडे वाळत घालायच्या दोरीमागे उकिडवे बसून होतो. मोबाइलमध्ये काढलेला फोटो धूसर आहे, तरी माळरानीसाहेबांना पाठवला. त्यांचं एका शब्दात उत्तर आलं: बहिरी.

उठून गेला तेव्हा आधी टाकीवरून नुसता खाली पडला, मग पंख उघडले. रेल्वे फाटकाच्या दिशेला गेला आणि दिसेनासा झाला.

खाली आल्यावर लेकीनं विचारलं, "पण शशादन म्हणजे सशाला खाणारा ना? यानं तर पारवा खाल्ला."

---

माळरानी
शनिवार, सकाळी १०:२६

बरोबर पकडलं तिनं! बहिरी मुख्यतः पक्षीच धरतो, तेही हवेत. सशावर झडप घालतात ते मोठे गरुड. जुन्या भाषेत श्येन, शशादन ही नावं अशा अनेक शिकाऱ्यांना सरसकट वापरत. तिला सांगा, हे निरीक्षण तिच्या स्वतःच्या शब्दांत लिहू दे.

---

कॅनॉलकाठ
शनिवार, सकाळी ११:००

लिहिलंय. शेवटच्या पानावर चादरीवरचं एक पीस चिकटवलंय आणि खाली तिचं वाक्य आहे: "आमच्या नगराच्या नावात ससा आहे. पण आमच्या ससाण्यानं पारवा खाल्ला. मी बघितलं."